पाखे, ढाळ आणि कर्ण : छपराच्या मापनाची परिभाषा व तिचा इतिहास

जमीन, धान्य आणि कापड यांच्या मापांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. बिघा आणि पांड, पायली आणि शेर, हात आणि तसू यांचा शोध घेणाऱ्याला दप्तरांत व कोशांत भरपूर सामग्री मिळते. घराच्या छपराचे माप हा विषय मात्र सुताराचा व ओव्हरसियरचा समजून अभ्यासकांनी त्यांच्यावरच सोपविलेला दिसतो. वस्तुतः भाषेच्या अभ्यासकाला तो मोठा उद्बोधक आहे. अंगणाचे किंवा धोतराचे क्षेत्रफळ एकच असते. उतरत्या छपराला क्षेत्रफळे दोन असतात. छप्पर जमिनीचा जेवढा भाग झाकते, ते एक; आणि त्याच्या स्वतःच्या पृष्ठभागाचे, ते दुसरे. छपरावरून पावसाचे पाणी किती वाहील हे पहिल्यावरून ठरते, त्याला कौले किती लागतील हे दुसऱ्यावरून. या दोहोंचा भेद बोलभाषेने शब्दांत जपला होता आणि अंदाजपत्रकाच्या भाषेत तो पुसट झाला, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. कोकणात छपराच्या उतरत्या बाजूला ‘पाखे’ म्हणतात. घर दुपाखी असते किंवा चौपाखी. पडवीला एकच पाखे असते. संस्कृत ‘पक्ष’, प्राकृत ‘पक्ख’, त्यापासून मराठी ‘पाख’ व ‘पाखे’ ही परंपरा सरळ आहे, आणि ‘पाखरू’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. आढ्यापासून दोन्ही अंगांना उतरलेले छप्पर पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे दिसते, ही कल्पना मनोहर असली तरी तीवर फार भार टाकू नये. ‘पक्ष’ म्हणजे बाजू, हा अर्थही तितकाच जुना आहे. अथर्ववेदाच्या नवव्या कांडातील शालासूक्तात घराला द्विपक्षा, चतुष्पक्षा अशी विशेषणे आली आहेत आणि ती थेट दहा पक्षांपर्यंत गेली आहेत. तेथील पक्ष छपराचेच, असे सूक्तावरून ठरत नाही. परंतु घराची गणना त्याच्या पक्षांवरून करण्याची रीत किती जुनी आहे, हे त्यावरून कळते. त्याच सूक्तात शालेला ‘मानाची पत्नी’ म्हटले आहे. ‘मान’ या शब्दात बांधणे आणि मोजणे हे दोन्ही अर्थ एकमेकांना इतके लागून आहेत की भाषांतरकाराला त्यांतील एक निवडताना दुसरा सोडवत नाही.

छपराचे इतर शब्द निरनिराळ्या ठिकाणांहून आले आहेत. ‘वासा’ हा ‘वंश’ म्हणजे वेळू यापासून आलेला. आज सागाचा असला तरी नावाने तो बांबूच आहे. ‘कौल’ हा ‘कपाल’ या शब्दाकडे नेता येतो. खापराचा तुकडा हा कपालाचा एक अर्थ, आणि श्रौतकर्मात पुरोडाश किती कपालांवर भाजावयाचा हे मोजून सांगितलेले असते. कपाल ही संख्येने मोजावयाची वस्तू आहे, हे ‘एकादशकपाल’ या सामासिक शब्दावरूनच स्पष्ट होते. (देवाला लावावयाचा कौल तो वेगळा, तो अरबीतून आला. मात्र छप्पर शाकारताना दोन्ही कौल एकाच वेळी लागतात, असे माझे एक वृद्ध आप्त म्हणत.) कौले ज्या पट्टीवर टेकतात ती ‘रीप’ पोर्तुगीज ‘रिपा’वरून आलेली आहे, आणि ‘कैची’ हा शब्द तुर्की. म्हणजे एका पाख्याखाली उभे राहून वर पाहिले तर वेदकाळापासून वसईच्या फिरंगाणापर्यंतचा इतिहास दृष्टीस पडतो. आणि या साऱ्यांत ‘पाखे’ हाच शब्द क्षेत्राचा आहे. बाकीचे लाकडांचे वा मातीचे.

‘ढाळ’ या शब्दाची गोष्ट निराळी. ढाळ न्हाणीच्या फरशीला असतो, गटाराला असतो, छपरालाही असतो. पाणी वाहून जावे एवढाच त्याचा अर्थ. किती, हे त्यात नाही. जुन्या सुताराच्या बोलण्यात पाखे ‘उभे’ असते किंवा ‘पसरट’ असते. अंशांत बोलण्याची त्याला गरज नसते, कारण कोन तो मोजतच नाही. तो लांबी मोजतो.

हे लांबीने काम भागविणे आपल्याकडे प्राचीन आहे. बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या दोन बाजूंवरील चौरस मिळून तिरप्या दोरीवरील चौरसाएवढे होतात, हा नियम आला आहे, आणि तो ज्यांत पूर्णांकांनी पडताळता येतो अशा बाजूंच्या जोड्याही दिल्या आहेत : तीन व चार, बारा व पाच, पंधरा व आठ अशा. ‘शुल्ब’ म्हणजे दोरीच. तिरप्या रेषेला तेथे अक्ष्णया-रज्जू म्हणजे तिरपी दोरी असे नाव आहे. पुढच्या गणितात ती दोरी जाऊन तिच्या जागी ‘कर्ण’ हा शब्द आला. वस्तू गेली आणि रेषा उरली. सुताराच्या हातातील दोरी मात्र गेली नाही. ‘सुतार’ हा शब्दच सूत्रधारापासून, प्राकृत ‘सुत्तहार’मधून आलेला आहे, जो सूत धरतो तो सुतार.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०) भुज, कोटी व कर्ण यांची उदाहरणे मोडलेल्या वेळूची, मोर व सापाची, तळ्यातील कमळाची आहेत, आणि ती सर्वांना परिचित आहेत. त्यांच्यापुढे असलेल्या दोन लहान प्रकरणांकडे तितके लक्ष जात नाही. चितिव्यवहारात विटांच्या राशीचे घनफळ एका विटेच्या घनफळाने भागून विटांची संख्या काढली आहे. क्रकचव्यवहारात करवतीने कापलेल्या लाकडाचे क्षेत्र मोजले आहे, कारण कापणाऱ्याचे काम त्यावरून मोजले जाते. म्हणजे एका वस्तूच्या मापाने मोठ्या वस्तूचे माप भागून संख्या काढणे आणि कामाचा मोबदला क्षेत्रावर ठरविणे, ही अंदाजपत्रकाची दोन्ही तत्त्वे तेथे आहेत. छपराचा हिशोब करणाऱ्याला क्षेत्रव्यवहारातील कर्ण आणि चितिव्यवहारातील भागाकार हे एकत्र आणावे लागतात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटणे येथे मठ स्थापन केल्याचा १२०७ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. तेव्हा या गणिताला महाराष्ट्रात आश्रय नव्हता असे म्हणता येणार नाही.

मग कौलांचा नेमका हिशोब कोकणात फार दिवस का लागला नाही? माझ्या मते याचे कारण गणिताच्या अभावात नसून मालाच्या स्वरूपात आहे. नळीची कौले गावचाच कुंभार करी. ती हाताने घडविलेली, कमी-अधिक लांबीची, आणि एकीवर दुसरी किती चढवावयाची हे शाकारणाऱ्याच्या हातावर अवलंबून. त्यातून वानरांच्या उड्यांनी ती फुटत, म्हणून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पाखे फेरावे लागे. अशा व्यवहारात शंभर कौले कमी पडली तर दुसऱ्या दिवशी आणखी आणता येत. अंदाज चुकला तरी त्याची शिक्षा होत नसे. आणि ज्या चुकीला शिक्षा नाही ती टाळण्यासाठी कोणी परिभाषा घडवीत नाही.

ही स्थिती मंगळुरी कौलाने पालटली. एकमेकांत खाचेने बसणाऱ्या कौलाचे पेटंट आल्सेस प्रांतातील आल्टकिर्श येथील गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये घेतले होते. मंगळूर येथे बासेल मिशनच्या वतीने गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये नेत्रावतीच्या काठी जेप्पू येथे कारखाना काढला, आणि तेथील व पुढे निघालेल्या इतर कारखान्यांची कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे येऊ लागली. हे कौल साच्यातील असल्यामुळे त्याच्या मापात हाताला वाव नाही. आजच्या प्रमाणित मापांपैकी लहान कौल ४१० मिलिमीटर लांब व २३५ रुंद असते. परंतु खाचेत व चढावात जाणारा भाग वजा करता ते सुमारे ३२० गुणिले २१० मिलिमीटर एवढीच जागा झाकते. रिपांमधील अंतर त्यामुळे आपोआप ठरते, आणि शंभर चौरस फुटांस तुटफूट धरून दीडशेच्या आसपास कौले लागतात. माल हजाराने, दुरून आणि आगाऊ मागवावयाचा. कमी पडला तर गलबत पावसाळ्यात येणार नाही. आता पृष्ठभागाचे क्षेत्र आधी नेमके कळणे भाग पडले. अंतराने मापाला जन्म दिला, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

याच काळात सार्वजनिक बांधकाम खात्याची मोजणीची भाषा इकडे रुजत होती. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गातून खात्याला कनिष्ठ अधिकारी मिळू लागले होते. या भाषेत छपराचा ढाळ प्रमाणाने सांगतात, आणि येथेच शब्दाचा पहिला घोटाळा आहे. ‘दोनास एक’ असा ढाळ, म्हणजे काय? आडव्या दोन फुटांस उभा एक फूट, हा सर्वसामान्य अर्थ. परंतु इंग्रजी सुतारकामात ‘पिच’ सांगताना छपराची उंची पूर्ण गाळ्याच्या, म्हणजे दोन्ही पाख्यांखालील रुंदीच्या, प्रमाणात सांगण्याची रीत होती. त्या रीतीने ‘निम्मा पिच’ म्हणजे ४५ अंश. तिसरा एक अर्थ असा की दोन फूट वाश्यावरून मोजावयाचे. तसे केल्यास ढाळ ३० अंश होतो. समजा, वळचणीपर्यंत धरून छपराखालची जमीन ९६० चौरस फूट आहे. पहिल्या अर्थाने पाख्यांचे क्षेत्र सुमारे १०७३ चौरस फूट येईल, तिसऱ्याने ११०८, आणि दुसऱ्याने १३५८. शब्द तेच, छपरे तीन.

भोर घाटातील रेल्वेमार्गाचा (१८६३) तीव्रतम चढ सदतीसास एक आहे. तेथे आडवे अंतर घ्या की रुळांवरून मोजा, एका मैलामागे दोन फुटांचाही फरक पडत नाही. रस्ते आणि रेल्वे आखणाऱ्यांच्या परिभाषेला ही संदिग्धता परवडते. छपराला ती परवडत नाही, आणि तरीही परिभाषा दोघांसाठी एकच.

दुसरा घोटाळा क्षेत्रफळाचा. बांधकामाच्या मोजणीविषयीच्या भारतीय मानकात छपरावरील आच्छादन ‘फ्लॅट’ मोजावे, एकमेकांवर चढलेल्या भागासाठी अथवा पत्र्याच्या नागमोडीसाठी वाढ धरू नये, असा नियम आहे. अभिप्राय असा की पत्रा जणू ताणून सरळ केला आहे असे समजून पाख्याच्या उतारावरून मोजावे. परंतु मराठीत हा शब्द ‘सपाट’ म्हणून आला की त्याला ‘जमिनीशी समांतर’ हा अर्थ चिकटतो, आणि मग मोजणारा पाखे सोडून जमिनीकडे पाहू लागतो. ‘ब्रास’ या शब्दाची अवस्थाही तशीच आहे. फरशीच्या कामात ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट, रेतीच्या व्यवहारात शंभर घनफूट. पोर्तुगीजांत दोन्ही हात पसरून होणाऱ्या लांबीला ‘ब्रासा’ म्हणतात. नावांच्या या साम्यावरून काही सिद्ध होते असे मी मानीत नाही, परंतु एक शब्द किती मिती निभावून नेतो, हे त्यावरून ध्यानात यावे. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा. रेतीचा ब्रास अद्यापि चालू आहे.

येथे एका स्वानुभवाचा उल्लेख अस्थानी होणार नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि दापोली तालुक्यातील माझ्या मामांच्या घराची कौले गेली. वासे राहिले, रिपा बऱ्याचशा राहिल्या. घर दुपाखी, जोते छत्तीस फूट गुणिले वीस. नुकसानीची नोंद करावयास एका कार्यालयातून गृहस्थ आले, त्यांनी जोत्यावर टेप धरली आणि ‘छपराचे क्षेत्रफळ’ या रकान्यात ७२० चौरस फूट असे लिहिले. मामांनी तो कागद मला फोनवरून वाचून दाखविला व कौले किती मागवावीत असे विचारले. शंभर फुटांस दीडशे हा आकडा मला ठाऊक होता. मी १०८० असे उत्तर दिले आणि वर वीस जास्त सांगितली. माझे बालपण देशावर, धाब्याच्या घरात गेले. धाब्याला पाखे नसते. जेवढी जमीन तेवढेच छप्पर. ही माझी सबब नव्हे, परंतु चूक कोठून आली हे तीवरून कळते.

त्या दिवसांत गावात सुतार कोणालाच मिळत नव्हता. तो आला तेव्हा कौलांची गाडी येऊन गेली होती. त्याने ढिगाकडे एकदा पाहिले, रिपांकडे एकदा पाहिले आणि मामांना म्हणाला, “भाऊ, साहेबांनी जोतं मोजलं. पाखं कोण मोजणार?” मग शिडीवर चढून त्याने सुतळीचे एक टोक आढ्याला धरले, दुसरे वळचणीपर्यंत सोडले, आणि गाठ मारून ती जमिनीवर ताणली : पंधरा फूट. वळचण भिंतीबाहेर चारी बाजूंना दोन फूट, म्हणून पाख्याची लांबी चाळीस. आढे वळचणीच्या पातळीहून नऊ फूट वर आणि वळचणीपासून आडवे बारा फूट आत होते, हे मी नंतर मोजले. म्हणजे नऊ, बारा, पंधरा. शुल्बसूत्रातील तीन-चारची जोडी तिप्पट केलेली. सुताराला तिची गरज नव्हती. त्याने रिपांच्या ओळी मोजल्या, पंधरा. एका ओळीत कौले अठ्ठावन. एका पाख्यावर आठशे सत्तर, दोहोंवर सतराशे चाळीस, आणि तुटफूट धरून अठराशे. पाख्यांचे क्षेत्र १२०० चौरस फूट आणि शंभरास दीडशे, या हिशोबानेही अठराशेच येतात.

आणलेल्या अकराशे कौलांत पुढचे पाखे पुरे झाले. मागच्या पाख्यावर चार ओळीही भरल्या नाहीत. वर ताडपत्री बांधली. श्रावणात ती दोनदा फाटली आणि माजघरात पाणी आले. मामी तेव्हा आजारी होत्या. त्यांचा पलंग ओटीवर आणावा लागला. मामा या बाबतीत मला एक शब्द बोलले नाहीत.

त्या रकान्यातील आकडा खोटा होता असे मला म्हणवत नाही. जोत्याचे क्षेत्र ७२० होतेच. रकान्याचे नाव ‘पाख्यांचे क्षेत्रफळ’ असे असते तर त्या गृहस्थांना शिडी मागावी लागली असती, आणि मलाही फोनवर एक प्रश्न अधिक विचारावा लागला असता. ‘छप्पर’ हा शब्द आच्छादनाचा आहे. तो ऐकताच मन त्याखालच्या जागेकडे जाते. ‘पाखे’ उच्चारले की उतार आलाच. ग्रांथिक परिभाषा घडविताना बोलीतील शब्द अशिष्ट म्हणून टाकले जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर कधी कधी एक मितीही जाते. पाख्यासाठी ‘तिर्यक् पृष्ठ’ असा काही शब्द घडविता येईल. त्याने अर्थ सांभाळला जाईल, पण शिडीवरच्या माणसाला तो कळणार नाही.

या घरावरून आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. तेच घर चौपाखी असते तर? चारी पाख्यांचा ढाळ सारखा ठेवला तर आढे सोळा फुटांचे होईल. पुढची-मागची दोन पाखी प्रत्येकी ४२० चौरस फूट, बाजूंची त्रिकोणी पाखी प्रत्येकी १८०, एकूण पुन्हा १२००. पुष्कळांना हे प्रथम खरे वाटत नाही. परंतु ढाळ सर्वत्र एक असेल तर झाकलेल्या जमिनीच्या प्रत्येक फुटावर पृष्ठभाग सारख्याच प्रमाणात वाढतो, मग तो कोणत्या दिशेला कललेला आहे याने काही बिघडत नाही. फरक पडतो तो आढ्यावरच्या व कोनवाशांवरच्या कौलांत. दुपाखी घराला अशी चाळीस फूट ओळ पुरते. चौपाख्याला आढ्याची सोळा आणि चार कोनवाशांची प्रत्येकी सव्वाएकोणीस, मिळून सुमारे त्र्याण्णव फूट लागते. शिवाय कोनवाशाशी प्रत्येक कौल तिरपे कापावे लागते आणि त्यात पुष्कळ वाया जातात. चौपाखी घर खर्चाचे, असे जुनी माणसे म्हणतात ते बरोबर आहे. क्षेत्रफळ मात्र त्याचे कारण नव्हे.

अलीकडे कोकणात कौलांच्या जागी रंगीत पत्रे येत आहेत. ते वळचणीपासून आढ्यापर्यंत एकाच लांबीचे कापून मिळतात, म्हणून दुकानदार प्रथम वाश्याची लांबीच विचारतो. पाखे हा शब्द त्याच्या तोंडी नसतो, परंतु माप पाख्याचेच घेतले जाते.

मामांनी पत्रा घातला नाही. उरलेली कौले पुढच्या माघात आली, ती दुसऱ्या कारखान्याची. साचा निराळा असल्यामुळे त्यांची खाच आधीच्या कौलांत बसेना, तेव्हा मागच्या पाख्यावरील त्या अपुऱ्या चार ओळी उतरवून गोठ्यावर घातल्या, रिपा नव्या अंतराने मारल्या, आणि ते सगळे पाखे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. या वेळी सुतळीचे दुसरे टोक माझ्या हाती होते.